दवाखाना तगवायचा असेल तर तीन वह्या हव्यात!



चॅनेलवरच्या व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून आकडेमोड आणि तपशील इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा. आजचा धडा नुसता वाचायचा नाही, करायचा आहे.

विषय आहे छोटा, घरचा दवाखाना. ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत गल्लोगल्ली दिसतो तसा. इमारतीच्या तळमजल्यावर एक गाळा, बाहेर चार खुर्च्या, आत डॉक्टर, काउंटरवर डॉक्टरांच्याच घरातलं कुणीतरी आणि वर्षानुवर्षं टिकलेली एक मदतनीस. तुम्ही म्हणाल, "सर, आम्हाला कुठे दवाखाना काढायचाय? आम्ही पार्लर काढणार, क्लासेस काढणार." काढा की! पण दवाखान्याचा धडा शिकून घ्या. कारण या धंद्यात जाहिरात करता येत नाही, सेल लावता येत नाही आणि गिऱ्हाईक स्वतःच्या मर्जीने आजारी पडत नाही. इतक्या बंधनांत जो धंदा तगतो, त्याच्याकडून कुणालाही शिकता येतं.

वाईट दिवस म्हणजे नेमकं काय?

आधी २०२० आठवा. २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून लोकल बंद झाली. डोंबिवली-कल्याणच्या दवाखान्यांचा संध्याकाळचा ओपीडी बऱ्याच अंशी लोकलवर चालतो. माणूस ऑफिसहून येतो, स्टेशनवर उतरतो, घरी जाता जाता डॉक्टरांना दाखवतो. ती गर्दी एका रात्रीत गेली. जूनमध्ये लोकल सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. त्यात २ ते १९ जुलै ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत पुन्हा कडक लॉकडाऊन. सगळ्यांसाठी लोकल उघडली १ फेब्रुवारी २०२१ ला, तीही ठरावीक वेळांतच.

गंमत बघा. साथीचा काळ म्हणजे डॉक्टरांची चांदी, असं बाहेरच्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात छोट्या दवाखान्यात लोक यायला घाबरत होते आणि डॉक्टरही घाबरलेले होते. मास्क, सॅनिटायझर, पीपीई किटचा खर्च वाढला होता आणि गाळ्याचं भाडं मात्र चालूच होतं.

पण वाईट दिवस यायला महामारीच लागते असं नाही. डोंबिवलीचा कोपर पूल सप्टेंबर २०१९ मध्ये बंद झाला, तो उघडला सप्टेंबर २०२१ मध्ये. तब्बल दोन वर्षं! कल्याणचा पत्रीपूल २०१८ मध्ये बंद होऊन पाडला, नवा खुला झाला जानेवारी २०२१ मध्ये. पूल बंद झाला की रुळांच्या पलीकडचा पेशंट विचार करतो, "एवढा वळसा घालून कोण जाणार?" आणि जवळचा डॉक्टर शोधतो. शेजारी महापालिकेचा मोफत 'आपला दवाखाना' सुरू झाला, मोठ्या हॉस्पिटलची ओपीडी आली, इमारत रिडेव्हलपमेंटला गेली, डॉक्टर स्वतःच दोन महिने आजारी पडले, हे सगळे वाईट दिवसच.

अशा दिवसांत दवाखाना बंद पडतो तो बहुतेक वेळा पेशंट संपले म्हणून नाही. पेशंट परत येईपर्यंत हातात पैसे उरत नाहीत, म्हणून बंद पडतो. म्हणजेच प्रश्न किती दिवस तग धरता येईल हा आहे. तेवढे दिवस वाढवायला तीन वह्या लागतात.

पहिली वही: खर्चाची

एक उदाहरण घेऊ. आकडे मी समजण्यासाठी धरलेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा, डोंबिवली पूर्वेला एक दवाखाना आहे. मॅडम डॉक्टर, त्यांचे मिस्टर हिशेब आणि औषधांचा साठा बघतात. महिन्याचा ठरलेला खर्च असा:

- गाळ्याचं भाडं: २२,०००
- मदतनीस ताई: १२,०००
- साफसफाईच्या मावशी: ४,०००
- वीज: ३,५००
- फोन, जैविक कचरा उचलण्याची वर्गणी वगैरे: १,५००
- मशीन आणि फर्निचरच्या कर्जाचा हप्ता: ९,०००

बेरीज ५२,०००. एकही पेशंट आला नाही तरी हे द्यायचेच.

आता फी धरा २०० रुपये. दवाखान्यातून दिलेल्या गोळ्या, कापूस, ग्लोव्हज यांत ४० रुपये जातात. म्हणजे एका पेशंटमागे हातात उरतात १६०. ५२,००० ला १६० ने भागा: ३२५ पेशंट. महिन्याचे २५ दिवस धरले तर रोज १३.

हा १३ चा आकडा म्हणजे दवाखान्याचा जगण्याचा आकडा. पण थांबा, घराचं काय? घरखर्च ४५,००० धरला तर एकूण ९७,००० लागतात. ९७,००० भागिले १६० म्हणजे ६०७ पेशंट, रोज साधारण २५. हा घराचा जगण्याचा आकडा.

तुमच्या ओळखीतल्या पाच दुकानदारांना हे दोन आकडे विचारून बघा. "बरं चाललंय" असं उत्तर येईल, आकडा मात्र येणार नाही! कारण गल्ल्यातले पैसे आणि घरातले पैसे एकच असतात. भाजी आणायची, काढा गल्ल्यातून. मुलाची फी भरायची, काढा गल्ल्यातून. चांगल्या दिवसांत हे खपून जातं. वाईट दिवसांत पाणी कुठून गळतंय तेच कळत नाही.

म्हणून नियम एक: दवाखान्याचं बँक खातं वेगळं ठेवा आणि महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला घरासाठी ठरलेली रक्कम काढा. मालकालाही पगार असतो हे मनाशी पक्कं करा.

आता वाईट दिवस आले. रोजचे पेशंट ३५ वरून १० वर उतरले. महिन्याला १० गुणिले २५ गुणिले १६० म्हणजे ४०,००० येणार, लागणार ९७,०००. तूट ५७,०००. बाजूला दोन लाख साठवलेत असं धरा. किती दिवस पुरतील? साडेतीन महिने. बस!

इथे घाबरलेला माणूस काय करतो? मदतनीस ताईंना काढतो किंवा फी अर्धी करतो. दोन्ही चुका आहेत. ताईंना प्रत्येक पेशंटचं नाव, घर, नात्यागोत्यासकट माहीत असतं. त्या गेल्या की दवाखान्याची अर्धी ओळख गेली. आणि फी अर्धी केली तर १६० चे ६० उरतात, म्हणजे जगण्याचा आकडा १३ वरून ३५ वर जातो. पेशंट घटलेत आणि तुम्हाला पूर्वीपेक्षा जास्त पेशंट लागायला लागले! शेजारच्या मोफत दवाखान्याशी किमतीत स्पर्धा करताच येत नाही, शून्याच्या खाली कुठे जाणार? ज्याच्याकडे खरंच पैसे नाहीत, त्याच्याकडून घेऊ नका किंवा पुढच्या वेळी घ्या. ते वहीत लिहा. पण दरपत्रक खाली आणू नका.

मग काय करायचं? पहिल्याच महिन्यात गाळामालकाकडे जायचं, भाडं थकल्यावर नाही. "काका, सहा महिने पंधरा हजार घ्या, पुढे परिस्थिती सुधारली की परत बावीस." रिकामा गाळा त्यांनाही परवडत नसतो. जे ठरेल ते कागदावर लिहून घ्यायचं.

दुसरी भेट बँकेत. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली होती. व्याज मात्र चालूच होतं, हे बऱ्याच जणांना नंतर कळलं. अशी सरसकट सवलत दर वेळी मिळत नाही. पण हप्ता चुकण्याच्या आधी गेलात तर बँक मुदत वाढवून देण्याबद्दल बोलते, तीन हप्ते चुकल्यावर गेलात तर तुम्ही थकबाकीदार म्हणून बोलता. फरक ओळखा.

हिशेब पुन्हा मांडा. भाड्याचे ७,००० वाचले, हप्त्याचे ९,००० काही महिने पुढे गेले. ठरलेला खर्च ३६,०००. घरानेही कंबर कसली, ४५ चे ३५ हजार केले. आता लागतात ७१,०००. पेशंट तेच १०, कमाई ४०,०००. तूट ३१,०००. दोन लाख आता सहा महिन्यांहून जास्त पुरतात. अजून दुसरी वही उघडलीच नाही!

दुसरी वही: पेशंटची

दवाखान्याची खरी पुंजी कोणती? मशीन? नाही. पुंजी म्हणजे ज्यांना दर महिन्याला डॉक्टर लागतातच ते पेशंट. बीपीवाले, शुगरवाले, थायरॉइडवाले, दम्याचे आजोबा, लसीकरणाची बाळं. सर्दी-तापाचा पेशंट हंगामी असतो. हे लोक बारमाही असतात. त्यांची यादी वेगळ्या वहीत हवी: नाव, फोन, आजार, चालू गोळ्या, पुढची तारीख.

२०२० मध्ये ज्यांच्याकडे ही वही होती, ते फोन उचलून विचारू शकले, "आजी, गोळ्या संपल्या का? साखर तपासली का?" आणि नेमक्या त्याच वेळी, २५ मार्च २०२० ला केंद्र सरकारच्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना आल्या. नोंदणीकृत डॉक्टरांना फोन, व्हिडिओ किंवा मेसेजवर सल्ला देता येईल, त्याची रास्त फी घेता येईल, पावती द्यावी आणि नोंद ठेवावी, असं त्यांत स्पष्ट लिहिलंय. जुन्या पेशंटच्या चालू गोळ्या पुढे लिहून देण्याचीही सोय आहे. झोपेच्या, नशा येणाऱ्या काही औषधांना मात्र मनाई आहे आणि समोर बसवून तपासणं गरजेचं असेल तर बोलवायलाच हवं.

आपल्या उदाहरणात असे ६० बारमाही पेशंट धरा. महिन्यातून एकदा फोनवर सल्ला, फी १५०. गोळ्या ते मेडिकलमधून घेतात, त्यामुळे साहित्याचा खर्च नाही. ९,००० रुपये आले. तूट ३१,००० वरून २२,००० वर उतरली. आता दोन लाख किती पुरतात? नऊ महिने. साडेतीनचे नऊ झाले, आणि कुणालाही नोकरीवरून काढलं नाही!

"सर, मग जाहिरात का नाही करायची? पहिली तपासणी मोफत, असा फ्लेक्स लावू!" नको. डॉक्टरांसाठी २००२ ची आचारसंहिता आहे. पेशंट ओढण्यासाठी जाहिरात करायला तिच्यात मनाई आहे. दवाखाना सुरू झाला, पत्ता बदलला, काही दिवस बंद राहणार, पुन्हा उघडला, दर इतके आहेत, एवढं साधेपणाने कळवता येतं. आणि तेवढं पुरतं. कोपर पूल बंद असताना पलीकडच्या पेशंटना "फोनवर बोलू, तपासणीला मात्र महिन्यातून एकदा या" असं कळवणं, ही सोय आहे. ते कळवायलाही वहीच लागते.

आणखी एक मोह सांगतो, कारण वाईट दिवसांत तो दारात उभाच असतो. "मॅडम, आमच्या लॅबला पेशंट पाठवा, तुमचं बघू." किंवा दोन दिवसांच्या तापाला उगाच सलाईन. कट घेणं त्याच आचारसंहितेत निषिद्ध आहे, हे झालं नियमाचं. धंद्याच्या भाषेत बोलायचं तर बारमाही पेशंटला एक दिवस कळतंच की चाचणी गरजेची नव्हती. तो भांडत नाही. तो फक्त यायचा थांबतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर चार ओळी लिहितो. ६० जणांची वही भरायला पंधरा वर्षं लागतात, रिकामी व्हायला एक पावसाळा पुरतो.

आपल्याच शहराचं एक चांगलं उदाहरणही लक्षात ठेवा. कोविडमध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने खासगी डॉक्टरांना सोबत घेऊन 'डॉक्टर आर्मी' उभी केली. घरोघरच्या फॅमिली डॉक्टरांचा लोकांवर जो वचक आणि विश्वास असतो, तो महापालिकेला हवा होता. स्मार्ट सिटीच्या २०२० च्या पुरस्कारांत कोविड नावीन्याचा पुरस्कार वाराणसी आणि कल्याण-डोंबिवली या दोन शहरांना मिळाला. मोठ्या यंत्रणेलाही शेवटी गल्लीतला डॉक्टर लागतो. स्वतःला कमी समजू नका.

तिसरी वही: कागदांची

ही वही कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच सगळ्यात आधी दुर्लक्षित राहते. हिचं महत्त्व पटवायला एक खरी गोष्ट सांगतो.

मार्च २०२० मध्ये नवी मुंबईतल्या एका आयुर्वेदिक डॉक्टरांना महापालिकेची नोटीस आली. दवाखाना उघडा ठेवा, नाहीतर कारवाई करू. त्यांनी उघडा ठेवला. कोविड झाला. जूनमध्ये ते गेले. त्यांच्या पत्नीने सरकारच्या ५० लाखांच्या विमा योजनेत दावा केला. उत्तर आलं की ते खासगी डॉक्टर होते, सरकारने त्यांची सेवा रीतसर मागवली नव्हती, त्यामुळे रक्कम मिळणार नाही. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातही दावा टिकला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने म्हटलं की त्या काळातले कायदे आणि आदेश बघता डॉक्टरांच्या सेवा मागवल्या गेल्याच होत्या. मात्र प्रत्येकाचा दावा पुराव्यावर तपासला जाईल.

साडेपाच वर्षं. घरातला कमावता माणूस गेल्यावर साडेपाच वर्षं. आणि शेवटीही शब्द कोणता? पुरावा. दवाखाना कोणत्या दिवशी उघडा होता, कोणते पेशंट तपासले, नोटीस कुठे आहे. जी ओपीडीची वही आपण "नंतर लिहू" म्हणून टाळतो, ती एखाद्या कुटुंबाचा आधार ठरू शकते. दुसरा धडा: योजनेवर विसंबू नका. घर एका माणसावर चालत असेल तर त्याचा टर्म इन्शुरन्स आणि आजारपणाचा विमा हा दवाखान्याचा खर्च समजा आणि पहिल्या वहीत लिहा.

या फाईलमध्ये काय काय हवं?

एक, डॉक्टरांची कौन्सिलची नोंदणी, नूतनीकरणाच्या तारखेसह. दोन, जैविक कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि कचरा उचलणाऱ्या केंद्राशी झालेला करार. २०१६ च्या नियमांनुसार खाटा नसलेल्या दवाखान्यालाही हे लागतं. ही परवानगी एकदाच काढायची असते, त्यामुळे टाळायला कारण नाही. तीन, गाळ्याचा नोंदणी केलेला भाडेकरार.

चार, इमारतीचे कागद. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. खोट्या परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या या इमारती होत्या. अशा इमारतीत आयुष्याची पुंजी घालून गाळा घेतला असेल तर हातात काय राहील? म्हणून गाळा भाड्याने घ्या किंवा विकत, बांधकाम परवानगी महापालिकेत जाऊन स्वतः पडताळा. एजंटच्या मोबाइलवरचा फोटो म्हणजे कागद नव्हे.

पाच, बँकेचा हिशेब आणि आयकर विवरणपत्रं. २०२० मध्ये केंद्राने आणीबाणीची कर्ज हमी योजना आणली. आधीच्या फेडायच्या बाकी कर्जाच्या २० टक्क्यांपर्यंत नवं कर्ज, तेही वेगळं तारण न मागता. ऑगस्ट २०२० पासून धंद्यासाठी कर्ज घेतलेले डॉक्टरही त्यात आले. पण आले कोण? ज्यांचं कर्ज बँकेच्या वहीत होतं ते. सावकाराकडून किंवा भिशीतून पैसे उचलून चालवणाऱ्याला त्याचा उपयोग नव्हता. सगळा व्यवहार रोखीत ठेवून चार पैसे वाचतात असं वाटतं, पण मदतीची वेळ आली की बँकेच्या लेखी तुम्ही अस्तित्वातच नसता.

कर्जाबद्दल एकच वाक्य: ज्यातून कमाई होणार आहे त्या मशीनसाठी कर्ज काढा, मागच्या महिन्याचं भाडं भरायला काढू नका.

आणि बंद करायचा कधी?

हेही बोलायला हवं. तगणं म्हणजे घर विकून तगणं नव्हे. चांगल्या दिवसांतच, डोकं शांत असताना, नवरा-बायकोने बसून एक रेघ ठरवावी: "साठवलेले पैसे तीन महिन्यांच्या खर्चाइतके उरले आणि पेशंट १३ च्या खालीच असले, तर गाळा सोडायचा." मग एक वेळ दुसऱ्या डॉक्टरांबरोबर गाळा वाटून घ्या, छोट्या जागेत जा किंवा काही काळ हॉस्पिटलमध्ये नोकरी करून संध्याकाळचा ओपीडी चालू ठेवा. दुसरी वही हातात असेल तर दवाखाना पुन्हा उभा राहतो. घरातले दागिने गेल्यावर मात्र माणूसच उभा राहत नाही. ही रेघ आधी आखलेली असेल तर ऐन संकटात घरात भांडणं होत नाहीत, ही बाजारात न मिळणारी बचत आहे.

गृहपाठ

आज रात्री जेवणं झाल्यावर घरातल्या सगळ्यांना बसवा आणि चार गोष्टी लिहा.

१. माझ्या धंद्याचा महिन्याचा ठरलेला खर्च किती?
२. एका गिऱ्हाइकामागे खरे किती उरतात, आणि त्यावरून रोजचा जगण्याचा आकडा किती? घराचा आकडा किती?
३. उद्या कमाई एक तृतीयांशावर आली तर साठवलेले पैसे किती महिने पुरतील?
४. माझे बारमाही गिऱ्हाईक कोण? त्यांची नावं आणि फोन एका जागी आहेत का?

पार्लरवालीसाठी बारमाही म्हणजे दर महिन्याला येणाऱ्या ताया, क्लासवाल्यासाठी पुढच्या वर्षी येणारी धाकटी भावंडं, मेसवाल्यासाठी डबेवाले मेंबर. आकडे बदलतील, रीत तीच.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सहा महिन्यांपेक्षा कमी आलं तर वाईट वाटून घेऊ नका. वहीत लिहिलंत म्हणजे आता ते वाढवता येईल. दर महिन्याला घराचा पगार काढण्याआधी थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाकायला लागा. हजार का होईना.

पुढच्या धड्यात गाळ्याचा भाडेकरार ओळ न् ओळ वाचू. तोपर्यंत तिन्ही वह्या विकत आणा. तिन्ही मिळून दोनशे रुपयांच्या आत येतात, एका तपासणीच्या फीपेक्षा कमी!